घरादाराची ड्युटी: एका एसटी वाहकाच्या पॅनिक डिसऑर्डरचं प्रकरण

या प्रकरणातल्या माणसाला डेपोत सगळे भाऊ म्हणतात, इथंही तेच नाव चालेल. ओळख पटू नये म्हणून वय, घरची माणसं, गावं असे काही तपशील बदलले आहेत.

भाऊ बेचाळीस वर्षांचे. एसटीत वाहक, नोकरी सतरा-अठरा वर्षांची, बरीचशी उमरेड मार्गावर. घर नागपुरात मानेवाड्याकडे. घरात आई, बायको आणि नववीतली मुलगी. धाकटा भाऊ शेजारच्या गल्लीत राहतो, त्याचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान आहे. साखर नाही, बीपी नाही, दारू नाही. खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं घोटलेलं मिश्रण, मात्र दिवसाला चार-पाच पुड्या.

मी मानसशास्त्रज्ञ, बोलून उपचार करते. ऑगस्टमध्ये ते माझ्याकडे आले तेव्हा सोबत बायको, धाकटा भाऊ आणि एक जाडजूड फाइल होती. धंतोली आणि रामदासपेठ अशा दोन्ही ठिकाणचे दवाखाने पालथे घालून झाले होते. ईसीजीच्या पट्ट्या, टूडी इको, टीएमटी या हृदयाच्या तपासण्या, शिवाय थायरॉइड, हिमोग्लोबिन, पोटाची दुर्बिणीतून तपासणी. सगळं नॉर्मल. "सगळं नॉर्मल म्हणते डॉक्टर," भाऊ म्हणाले, "मंग होऊन कायले राहिलं?"

हा प्रश्न रास्त होता. तीन महिन्यांत त्याला कुणी उत्तर दिलं नव्हतं.

ते आले ते खरं तर वहिनींमुळे, म्हणजे भाऊंच्या बायकोमुळे. एका रात्री दोनच्या सुमारास भाऊ अंगणात येरझारा घालत होते. वहिनींनी मुलीच्या शाळेत लावलेल्या फलकावर पाहिलेला १४४१६ हा नंबर फिरवला. ही टेली-मानस हेल्पलाइन, ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली, चोवीस तास चालणारी, मोफत. मराठीत बोलता येतं. पलीकडच्या समुपदेशकानं आधी छातीच्या दुखण्याची नीट चौकशी केली, तपासण्या झाल्याची खात्री करून घेतली आणि मनोविकारतज्ज्ञाला दाखवायला सांगितलं. सासूबाईंना हे पटलं नाही. "माह्या पोराले पागलखान्यात नेता काय?" नागपुरात मनाच्या डॉक्टरचं नाव काढलं की जुन्या माणसांच्या तोंडी अजून हाच शब्द येतो. त्याआधी त्यांनी मुलाला ताजबागच्या दर्ग्याला नेऊन आणलं होतं, नजरही काढली होती. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. ताजबागला जाताना भाऊ निदान घराबाहेर तरी पडले होते.

पाचगावच्या पुढे

पहिला अटॅक मे महिन्यातला. लग्नसराई, दुपारची भिवापूर गाडी. मार्च २०२३ मध्ये महिलांना अर्धं तिकीट झालं तेव्हापासून अशा दिवसांत गाडीत पाय ठेवायला जागा नसते. त्यात आहेराची भांडी, पिशव्या, रडणारी लेकरं. आदल्या रात्री भाऊ मुक्कामी गाडीवर होते, झोप धड झाली नव्हती. सकाळपासून पोटात फक्त चहा, आणि गालात खर्रा. पाचगाव मागे पडलं आणि तिकीट मशीनवर बोटं चालेनाशी झाली.

"हात असे वाकडे होऊन राहिले होते, मॅडम. छाती भरून आली. डोक्यात सुन्न. वाटलं, आता गेलो मी. पोरगी दिसली डोयासमोर."

ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली. लोकांनी भाऊंना खाली उतरवून बाभळीच्या सावलीत बसवलं. कुणी तोंडावर पाणी मारलं, कुणी खिशातला कांदा फोडून नाकाशी धरला, आणि सगळे एका सुरात सांगू लागले की भाऊ, लांब श्वास घ्या, अजून लांब घ्या. माणसं चांगली होती, सल्ला चुकीचा होता. ते का, ते पुढे सांगते. उमरेडच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत भाऊ निम्मे सावरले होते. ईसीजी नॉर्मल निघाला. ऊन लागलं असेल, असं सगळ्यांचं मत पडलं. त्या दिवशीच्या उन्हात ते मत काही वावगंही नव्हतं.

दुसरा अटॅक मात्र आठवड्याभरानं आला तो घरी, रात्री, कूलरसमोर टीव्ही बघताना. तिथं ऊनही नव्हतं आणि गर्दीही नव्हती. भाऊंच्या मनानं तिथंच निकाल लावला: हे हार्टचं आहे आणि डॉक्टरांच्या हाती लागत नाही.

एखादा पॅनिक अटॅक येणं म्हणजे आजार नव्हे. आयुष्यात एकदा-दोनदा असा अनुभव येऊन गेलेली पुष्कळ माणसं असतात, ती पुढे विसरूनही जातात. अटॅक पुन्हा येईल या धास्तीत महिनाभर किंवा त्याहून जास्त काळ जातो, त्या धास्तीनं माणसाचं वागणं बदलतं, तेव्हा त्याला पॅनिक डिसऑर्डर म्हणायचं. १९८० पासून हे स्वतंत्र निदान म्हणून मानलं जातं. भाऊंच्या बाबतीत त्यावर ॲगोराफोबियाचीही भर पडली होती: जिथून पटकन निघता येणार नाही किंवा मदत मिळणार नाही अशा जागांची भीती. आणि वाहकाची नोकरी म्हणजे नेमकी तीच जागा. गाडी थांबवायची दोरी त्याच्या हातात असते, पण गाडी सोडून जाता येत नाही.

सोय म्हणून जे जे केलं

ऑगस्टपर्यंत घराची घडी कशी बसली होती ते सविस्तर सांगायला हवं, कारण माझ्या मते हे प्रकरण तिथेच आहे.

भाऊंनी डेपोत विनंती करून लांबच्या गाड्या सोडल्या होत्या. मुक्कामी तर बंदच. बरेच दिवस डेपोतलं बसून करायचं काम घेतलं, त्यात भत्ता बुडाला. अधूनमधून उमरेडची फेरी पदरी यायची तेव्हा धाकटा भाऊ दुकान पोऱ्यावर टाकून मोटारसायकलवर गाडीच्या मागे निघायचा. अगदी उमरेडपर्यंत. परत फिरताना पुन्हा मागे. दिघोरीच्या नाक्यावरच्या चहावाल्याला हे ठाऊक झालं होतं. वहिनी दर थांब्याच्या अंदाजानं फोन करायच्या: विहीरगाव आलं का, पाचगाव आलं का, कसं वाटून राहिलं. फोन लागला नाही की त्या दिराला लावायच्या. तो चालत्या मोटारसायकलवर उचलायचा. मुलीनं ट्यूशन सोडली होती, कारण संध्याकाळी पप्पा एकटे राहायला नको. आईनं स्वतःच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकललं होतं.

घरात बीपीचं डिजिटल मशीन आलं होतं. भाऊ ते दिवसातून कितीदा लावायचे याची गणती त्यांनाच नव्हती. आकडा थोडा वर दिसला की घाबरायचे, घाबरले की आकडा आणखी वर जायचा.

आणि शर्टाच्या खिशात अल्प्राझोलाम या घबराट शमवणाऱ्या औषधाची एक गोळी. आधीच्या एका डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी दिलेली, चिठ्ठी संपल्यावरही कुठून तरी मिळत राहिलेली. दर वेळी ते ती घेतही नसत. नुसती खिशात असली की पुरायचं. उन्हाळ्यात आपल्याकडे लू लागू नये म्हणून कांदा खिशात ठेवतात, तसं. फरक एवढाच की कांदा घरी विसरला म्हणून कुणी अर्ध्या वाटेतून परत फिरत नाही. भाऊ गोळीसाठी फिरले होते. गाडी सुटायच्या पाच मिनिटं आधी.

या सगळ्यात कुणाचं काय चुकलं? कुणाचंच नाही. माणूस बुडतोय म्हटल्यावर घरचे हात देणारच. पण दर वेळी उमरेड आलं, काही झालं नाही, की भाऊंच्या मनात हिशोब असा लागायचा: धाकटा मागे होता म्हणून वाचलो. गोळी होती म्हणून वाचलो. आपलं हृदय धडधाकट आहे म्हणून काही झालं नाही, हा हिशोब लागायची संधीच कधी आली नाही. भीती खोटी ठरण्याची वेळ आली की मध्ये कुणीतरी प्रेमाचं माणूस उभं असायचं.

धडधडीचा उलटा अर्थ

उपचाराची पहिली पायरी म्हणजे भाऊंच्या त्या प्रश्नाचं उत्तर: नॉर्मल आहे तर होतं काय?

धोका दिसला की शरीर पळायच्या तयारीला लागतं. हृदय जोरात धडधडतं, श्वास वाढतो, घाम सुटतो. खरा धोका असेल तर आपण पळतो आणि ती वाफ निघून जाते. धोका नसताना ही यंत्रणा सुरू झाली तर माणूस कारण शोधायला लागतो, आणि सापडतं ते जवळचंच: छातीतली धडधड. म्हणजे हार्ट. या विचारानं भीती वाढते, भीतीनं धडधड वाढते. डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं १९८६ मध्ये हे चक्र मांडलं. शरीरातल्या साध्या संवेदनांचा जीवघेणा अर्थ लावणं, हे त्याच्या मते पॅनिकचं इंजिन आहे. आजची बोलून करायची उपचारपद्धती बरीचशी त्यावर उभी आहे.

श्वासाचं गणित लोकांना सगळ्यात उलटं वाटतं. अटॅकमध्ये हवा कमी पडतेय असं वाटतं, प्रत्यक्षात माणूस गरजेपेक्षा जास्त श्वास घेत असतो. ऑक्सिजन कमी होत नाही, कार्बन डायऑक्साइड कमी होतो. त्यामुळे मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात आणि डोकं हलकं होतं, ओठ आणि बोटं बधिर होतात, जास्तच झालं तर हात वाकडे होतात. बाभळीखाली लोक भाऊंना आणखी लांब श्वास घ्यायला लावत होते तेव्हा नेमकं हेच वाढत होतं. भाऊंना बेशुद्ध पडायचीही भीती होती. बेशुद्ध पडायला सहसा रक्तदाब खाली यावा लागतो, घाबरल्यावर तो वर जातो.

हे ऐकून भाऊंनी मान हलवली. मान हलवणाऱ्या पेशंटवर मी विश्वास ठेवत नाही. त्यांना म्हटलं, इथंच करून पाहू. हृदयाच्या सगळ्या तपासण्या हाताशी होत्या, दमा नव्हता, फिट्सचा इतिहास नव्हता, म्हणून हे करता आलं. खुर्चीत बसून त्यांनी मिनिटभर मुद्दाम भराभर, खोल श्वास घेतले. अर्धं मिनिट होतं न होतं तोच त्यांनी स्वतःची बोटं डोळ्यांसमोर धरली.

"हेच! हेच होते मले! तसंच सुन्न... तुम्ही केलं काय हे?"

"मी काही नाही केलं भाऊ, तुम्हीच केलं."

बाहेर बसलेला धाकटा आवाज ऐकून दार ढकलून आत आला. त्याला हातानंच थांबायला सांगितलं. दोन-तीन मिनिटांत बोटं पूर्ववत झाली. पाणी नाही, गोळी नाही, भावाचा हात नाही. भाऊ बराच वेळ हाताकडे बघत बसले. मग म्हणाले, "म्हणजे हे आपणच चालू करतो, अन् बंद आपोआप होते."

पुढच्या काही आठवड्यांत ते घरी हेच करत राहिले. जागच्या जागी धावायचं, खुर्चीत गोल फिरून चक्कर आणायची, जिना दडादडा चढायचा. ज्या संवेदनांना ते घाबरत त्या मुद्दाम आणायच्या आणि काही न करता बसून राहायचं. मुलीला यात मजा वाटली. पप्पांसोबत तीही गोल फिरायची.

औषधाबद्दल थोडक्यात. मी औषधं देत नाही, ते काम मनोविकारतज्ज्ञांचं. त्यांनी सर्ट्रालीन हे नैराश्य आणि पॅनिकवरचं औषध अगदी लहान मात्रेत सुरू केलं. या गटातल्या औषधांचा गुण यायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात आणि पहिले काही दिवस बेचैनी उलट वाढू शकते. हे आधी सांगितलं नाही तर पेशंट चौथ्या दिवशी औषध सोडतो. भाऊंना सांगितलं होतं, तरी चौथ्या दिवशी वहिनींचा फोन आलाच. अल्प्राझोलाम एकदम न थांबवता हळूहळू कमी केलं, कारण नियमित घेतलेलं हे औषध तडकाफडकी बंद केलं तर धडधड, झोपमोड, घबराट सगळं परत येतं आणि माणसाला वाटतं आजारच उलटला. खर्रा आणि चहाही तेव्हाच कमी केले. दोन्ही हृदयाची गती वाढवतात, आणि उपाशीपोटी तर जास्तच.

धाकट्याची मोटारसायकल

खरी ओढाताण पुढे झाली आणि ती भाऊंशी नव्हती. घरच्यांशी होती.

एका शनिवारी सगळ्यांना बोलावलं. सुचवलं ते एवढंच: धाकट्यानं मागे जायचं नाही आणि वहिनींनी वाटेत फोन करायचा नाही. एकदम नाही, टप्प्याटप्प्यानं. धाकटा सरळ नाही म्हणाला. "रस्त्यात काही झालं तं जबाबदार कोण?" वहिनी आधी काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मी फोन नाही केला अन् यायले काही झालं, तं मी जन्मभर स्वतःले काय सांगू?" आईनं पदर डोळ्याला लावला.

इथं शास्त्र सांगून भागत नाही. त्यांना विचारलं की तीन महिन्यांत धाकट्यानं वाटेत भाऊंना किती वेळा वाचवलं. विचार करून तो म्हणाला, एकदाही नाही. तसा प्रसंगच आला नाही. मग दुकानाचं किती नुकसान झालं? त्यावर मात्र तो लगेच बोलला, आणि बोलता बोलता त्याचा आवाज चढला. त्या दिवशी पहिल्यांदा भाऊंना कळलं की धाकट्यानं हप्ते थकवले आहेत. ते कुणी त्यांना सांगितलं नव्हतं, टेन्शन येईल म्हणून.

मग पायऱ्या ठरल्या, भाऊंच्या भीतीच्या उतरंडीनं. सुरुवातीला वाटलं होतं की मेट्रो बरी पडेल. खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक, दारं बंद, गर्दी. भाऊ सीताबर्डीहून खापरीला जाऊन आले आणि म्हणाले, "त्यात काय हाय? दर दोन मिनिटांनी टेशन येते." त्यांची भीती बंद दारांची नव्हती, दवाखान्यापासूनच्या अंतराची होती. म्हणून पायऱ्या उमरेड रोडवरच मांडल्या. आधी साधा प्रवासी म्हणून विहीरगावपर्यंत, धाकटा त्याच गाडीत पण दुसऱ्या टोकाला. मग धाकटा दिघोरीलाच थांबलेला. मग धाकटा दुकानातच. मग पाचगावच्या पुढे. मग ड्युटीवर, पण गोळी घरी. सगळ्यात वरची पायरी मुक्कामी गाडी, नागभीडच्या पुढे, रात्री.

प्रत्येक फेरीच्या आधी भाऊ एका वहीत लिहायचे: काय होईल असं वाटतं. परत आल्यावर: काय झालं. वेबिल, म्हणजे फेरीच्या तिकिटांचा हिशोब, भरायची सवय असलेल्या माणसाला हे जड गेलं नाही. पहिल्या पानावर लिहिलं होतं, "पाचगाव नंतर बेहोश पडीन." त्याखाली: "नाही पडलो. लय घाबरलो. कुही फाट्यापर्यंत कमी झालं." अटॅक साधारण दहा मिनिटांत शिगेला पोहोचतो आणि मग ओसरतोच, हे मी त्यांना सांगितलं होतं. वहीत ते त्यांच्या अक्षरात, त्यांच्या रस्त्यावर उमटलं, तेव्हा ते त्यांचं झालं. दिवाळीपर्यंत उमरेडच्या फेऱ्या एकट्यानं सुरू झाल्या. बीपीचं मशीन शेजारच्या आजीकडे गेलं, तिला त्याची खरोखर गरज होती.

गोळी खिशातून निघाली त्या दिवशी त्यांनी विचारलं, "मे महिन्यात कांदा बी ठेवाचा नाही काय?" म्हटलं, कांदा असू द्या. पाणीही असू द्या. काही ठिकाणी पाण्याची बाटलीसुद्धा सुटायला हवी असं कडक सांगतात. नागपूरच्या उन्हाळ्यात कुणाच्या हातातली पाण्याची बाटली काढून घेणं मला मूर्खपणाचं वाटतं.

"लिहून द्या"

डिसेंबरात दुसऱ्या डेपोतल्या एका ड्रायव्हरचा ड्युटीवर हार्ट अटॅकनं मृत्यू झाला. भाऊंच्याच वयाचा, ओळखीचा. भाऊ मयतीला गेले, घरी आले आणि दोन दिवसांनी त्यांनी पुन्हा इको करून घ्यायचा हट्ट धरला. वही बंद. उमरेडच्या फेऱ्या बदलून मागितल्या. धाकट्यानं न सांगता मोटारसायकल बाहेर काढली.

अशा घसरणीला आम्ही पुनरावृत्ती म्हणतो आणि ती बहुतेकांना कधी ना कधी येते. पण ही साधी नव्हती, कारण या वेळी भीतीकडे पुरावा होता. आतापर्यंत मी म्हणत होते की तुमचं शरीर खोटा इशारा देतंय. आता एक माणूस खरोखर गेला होता. भाऊ खुर्चीत पुढे सरकून म्हणाले, "मॅडम, तुम्ही लिहून द्या. मले काही नाही होणार, असं लिहून द्या. मी जातो उद्या ड्युटीवर."

ते लिहून देता येत नाही. मला नाही, हृदयरोगतज्ज्ञांनाही नाही. आणि खोटं लिहून दिलं असतं तर ती गोळी पुन्हा खिशात गेली असती, फक्त कागदाच्या रूपात. तपासणीबद्दल त्यांच्या डॉक्टरांशी बोलणं झालं. नवं लक्षण नाही, चढावर छाती दाटत नाही, जुने रिपोर्ट सहा-सात महिन्यांपूर्वीचे आणि चांगले, तेव्हा पुन्हा इकोची गरज नाही असं त्यांनी सांगितलं. पहिल्यांदा केलेल्या तपासण्यांबद्दल माझी तक्रार नाही, त्या हव्याच होत्या. चाळिशीतल्या माणसाची छाती पहिल्यांदा दुखली की ते मनाचं आहे असं घरबसल्या ठरवू नये. चालताना दाटणारी, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ असेल तर मुळीच नाही. पण तीच तपासणी नुसत्या दिलाशासाठी पुन्हा केली की दिलासा आठवडाभर टिकतो.

त्याऐवजी एका कागदावर भाऊंच्या हृदयाला खरोखर काय धोकादायक आहे ते मांडलं. रक्तदाब चांगला. साखर नाही. वडील सत्तरीपर्यंत ठणठणीत. आणि शेवटी: तंबाखू. चार-पाच पुड्यांवरून दोनवर आलेली, पण चालू. भाऊ त्या ओळीकडे बघून हसले, जरा ओशाळून. सात महिने ते हृदयाच्या भीतीनं झोपले नव्हते आणि तेवढाच काळ गालात खर्रा घोटत होते. वर्षानुवर्षं ज्याची सवय आहे त्याची भीती वाटत नाही.

खर्रा सोडायचं त्यांनी स्वतः ठरवलं. १८००-११२-३५६ या तंबाखूमुक्तीच्या मोफत क्रमांकावरून मदत घेतली. सुरुवातीचे दिवस वाईट गेले. निकोटिन सुटताना होणारी चिडचिड आणि बेचैनी पॅनिकसारखीच वाटते, त्यामुळे वहीत पुन्हा "आज लय घाबरलो" अशा ओळी आल्या. पण त्यापुढे आता कंसात "खर्रा" असं लिहिलेलं असायचं.

लिहून देण्याचा हट्ट मात्र लगेच सुटला नाही. जानेवारीभर दर भेटीत तो वेगळ्या तोंडानं यायचा. शंभर टक्के नाही, नव्वद टक्के तरी सांगा. मी सांगत नसे. शेवटी एकदा ते स्वतःच म्हणाले, "गाडीत पन्नास-साठ लोक असते. कोणालेच कोणी लिहून देल्लं नाही. तरी बसतेच ना लोक." त्यानंतर हा विषय निघाला नाही. उमरेडच्या फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या, आणि धाकट्यानं मोटारसायकल त्याच आठवड्यात विकायला काढली. हप्ते फेडायला.

मे

या आजारातून बाहेर आलेल्या नागपूरकराची परीक्षा मे महिन्यात होते. पंचेचाळीसच्या पुढे पारा गेला की निरोगी माणसाचंही हृदय जोरात चालतं, घाम फुटतो, डोकं गरगरतं. पॅनिकची अर्धी लक्षणं हवामानच पुरवतं. म्हणून मार्चमध्येच भाऊंशी आणि वहिनींशी बसून ऊन आणि पॅनिक यांतला फरक पक्का केला. उष्माघातात अंग भट्टीसारखं तापतं, ताप चाळीस अंशांच्या वर जातो, आणि मुख्य म्हणजे माणूस भलतंच बोलायला लागतो, त्याला भान राहत नाही. तिथं वही उघडायची नाही, अंग गार करत थेट दवाखाना गाठायचा. पॅनिकमध्ये माणूस कितीही घाबरला तरी शुद्धीत असतो. कुठला थांबा आला ते तो बरोबर सांगतो.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात, पुन्हा लग्नसराईत, भाऊंना अटॅक आला. भिवापूर सुटल्यावर. हे मी मुद्दाम सांगते, कारण बरं होणं म्हणजे पुन्हा कधीच न येणं, अशी समजूत घेऊन लोक येतात. भाऊंनी हे केलं: तिकिटं फाडणं थांबवलं नाही. लांब श्वास घेतला नाही. एका म्हातारीला सुटे पैसे परत करताना हात थरथरत होते, तिनं विचारलं, "काऊन रे बाबू, बरं नाही काय?" त्यांनी सांगितलं, "जीव घाबरून राहिला जरासा. होते कमी." आणि झाला. घरी त्यांनी तो दुसऱ्या दिवशी सांगितला, जेवताना, मुलीच्या ट्यूशनच्या फीचा विषय चालू असताना. पॅनिकची तीव्रता मोजायची सात प्रश्नांची, अठ्ठावीस गुणांची एक पट्टी असते. ऑगस्टमध्ये त्यांचे गुण निम्म्याच्या बरेच वर होते, आता अगदी खालच्या टोकाला आहेत.

सगळं पूर्ण झालेलं नाही. मुक्कामी गाडी त्यांनी अजून घेतलेली नाही. भत्त्यासाठी घ्यावी लागेल, असं ते म्हणतात, पण तारीख सांगत नाहीत. सर्ट्रालीन चालू आहे. बरं वाटायला लागल्यावरही हे औषध साधारण वर्षभर चालू ठेवतात आणि मग हळूहळू उतरवतात. पुढचा उन्हाळा औषधावरच काढायचा, असं भाऊ आणि त्यांचे मनोविकारतज्ज्ञ यांनी मिळून ठरवलं आहे. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. धाकटा दुकानात असतो.

वहिनींची झोप मात्र अजून दोनला मोडते. उठून त्या भाऊंचा श्वास चालू आहे का ते बघतात. मग सकाळपर्यंत डोळा लागत नाही. भाऊंनीच हे मागच्या भेटीत सांगितलं, त्या बाहेर बसल्या असताना. पुढच्या आठवड्यापासून त्या वेगळ्या वेळेला, एकट्या येणार आहेत.